ताठ पाइप

२ मे
पालेगावहून सरस्वतीताईचा फोन. तिच्या मुलाची, दिपेशची, हळद चौदाला. म्हणाली, हरिचंद्रा, तू जेसीबी घेऊन ये, बकेटमधून नवऱ्यावर झेंडूची फुलं सोडायची, हल्ली सगळीकडे करतात. मग आवाज खाली आणून म्हणाली, यांनीच सांगितलंय.
यांनी म्हणजे दौलतरावदाजींनी. चार वर्षं आम्ही बोलत नाही. त्यांचा प्लॉट सपाट करताना माझ्या मशीनच्या धक्क्याने त्यांच्या कंपाउंडची भिंत पडली. ती आधीच वाकलेली होती. हे मी त्यांना तेव्हाच समजावून सांगितलं होतं, चारचौघांत.
ताई म्हणाली, एवढं नीट कर रे, मला माहेर परत मिळेल.
मोठ्या मनाने दाजींना माफ करायचं ठरवलं.

४ मे
बकेटचे हायड्रॉलिक पाइप तडकलेत. तेल पाझरतं. बायको विनिता म्हणाली, साईनाथ मेकॅनिकला बोलवा. म्हटलं, मालकाला स्वतःचं मशीन कळलं पाहिजे.
व्हिडिओ बघितले. सगळे इंग्लिशमध्ये. काढायचं आणि लावायचं. मधे काही गंभीर नाही.
संकल्प: यापुढे मशीनचं सगळं काम स्वतः.

६ मे
जुने पाइप काढले. दोष पहिल्या नजरेत सापडला. पाइप लांब होते. पोट सुटल्यासारखे लोंबत होते. कंपनीवाल्यांनी असं का केलं, कळत नाही. नवे ताठ बसवणार.
बकेट जमिनीवर टेकवून माप घेतलं. विनिता ओट्यावर कोणाचा तरी ब्लाउज बेतत होती. तिथूनच म्हणाली, हात खाली ठेवून बाहीचं माप घेतलं तर हात वर केल्यावर काखेत फाटतं. मी म्हटलं, हे लोखंड आहे. ती म्हणाली, लोखंडाचा हात वर जात नाही का?
मी टेप गुंडाळली. तिला यंत्रातलं समजावत बसलो तर हळद होऊन जायची.

७ मे
उल्हासनगर. पाइपच्या दुकानातला अमित सिंधी, हिंदीतच बोलतो, गिऱ्हाइकाला साईं म्हणतो. विचारलं, साईं, बकेट ऊपर करके नापा है? मी म्हटलं, नापा है. हे खोटं नाही. मनात मी ती वर केली होती. म्हणाला, थोडा लंबा ले जाओ, प्रेशर में पाइप खिंचता है. जास्त पाइप विकायची युक्ती मी ओळखतो.
येताना विठ्ठलवाडीला टेलरकडे सफारी शिवायला टाकली. दिपेशचा मामा म्हणून लग्नात मागे उभं राहायचंय. फोटो येणार. टेलरला बजावलं, एकदम फिटिंग पाहिजे, झोळ नको.

९ मे
पाइप बसवले. ताठ. बघत राहावं असे. एक जरा कमी पडत होता, पीळ देऊन ओढून बसवला. पाइपवर कंपनीने लांबच्या लांब पांढरी रेघ छापलेली असते. ती आता गोल गोल फिरत गेलीय. छान दिसते.
कान्हा आला. माझा ऑपरेटर, बारवी धरणाकडच्या वाडीतला. रेघ बघून म्हणाला, शेठ, पाइपाला मुरड पडली. सरळ रेघ म्हंजी सरळ पाइप. मी म्हटलं, डिझाइन आहे. त्याने परत एकदा रेघेकडे बघितलं आणि सांगितलं, हळदीला मी येईन, पन जेवायला. लेवर तुमी धरा.
भित्रा माणूस.

१० मे
ट्रायल. बकेट छातीइतकी उचलली. तेलाचा एक थेंब नाही. कान्हा म्हणाला, पूर्ण वर घ्या. मी म्हटलं, नवरा काय माडीवर उभा राहणार आहे?
साईनाथला फोन करून सांगितलं, तुझी गरज पडली नाही. त्याने अभिनंदन केलं. जरा जास्तच लवकर केलं.

१२ मे
सफारी आली. घालून आरशासमोर उभा राहिलो. झोळ नाही. श्वास सोडायला थोडी अडचण, पण श्वास फोटोत येत नाही. विनिता म्हणाली, हात वर करून बघा. घरात सध्या दुसरा विषय नाही.

१४ मे, दुपार
मशीन धुतलं. झेंडूच्या माळा लावल्या. बकेट पाकळ्यांनी भरली. आज दाजी बोलणार. मी आधी थोडे आढेवेढे घेईन. मग बोलेन.

१५ मे, सकाळ
काल घडलं ते असं.
मांडवासमोर दिपेश पाटावर. हळदीने पिवळा. शेजारी दाजी, पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर उपरणं. बेंजोचा बँड चालू. मी केबिनमध्ये. बकेट छातीइतकी उचलून थांबलो. ड्रोनवाला ओरडला, अजून वर. पोरं ओरडली, मामा, अजून वर. मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात दाजींनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली, वर.
चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी बकेट पूर्ण वर घेतली आणि उलटी करायला लेवर ओढला.
पाइप फिटिंगच्या तोंडातून निसटला. फुलं एकदम पडली. मागून तेल.
तेल नवीन होतं, रंग हळदीच्या जवळचा. त्यामुळे दिपेशवर काही वेगळं दिसलं नाही. दाजींवर दिसलं. बेंजोवाल्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, त्यांनी ठेका वाढवला. मागून कान्हा हाडूक चोखत म्हणाला, डिझाइन निघाली.
दाजींनी तोंडावरून हात फिरवला. केबिनपाशी आले. म्हणाले, भिंत तरी वाकलेली होती.
ताई रडत होती की हसत होती, ते पदरामुळे कळलं नाही.
दाजी बोलले, हे महत्त्वाचं. अमितच्या दुकानातलं फिटिंग कच्चं होतं, हे त्यांना शांतपणे सांगणार आहे.

१५ मे, संध्याकाळ
साईनाथने नवा पाइप लावला. लांब. लोंबतो. बघवत नाही. बकेट दहा वेळा पूर्ण वर नेली, खाली आणली. काही झालं नाही.
विनिता बघत होती. दहाही वेळा.

१६ मे
लग्न लागलं. दिपेशच्या मागे मामा म्हणून मी, शेजारी दाजी. पांढरा नवा जोड, कानामागे अजून थोडं तेल. फिटिंगचा विषय काढायला जागा मिळाली नाही.
शेवटच्या मंगलाष्टकेला अक्षता टाकायला हात वर केला. सफारीचा आवाज मोठा होता. काखेपासून कमरेपर्यंत.
दाजींनी मान न वळवता खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. फोटोग्राफर धावत आला. लोकांना वाटलं, मामाचा मान केला. ताईने तर डोळे पुसले. मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.
दाजी कानाशी वाकून म्हणाले, हरिचंद्रा, आता हात खाली ठेव.
जेवणं होईपर्यंत खालीच ठेवला. विनिताने भरवलं.