आबांची दुपारची झोप

आबा, तुमच्या घोरण्यापायी माझं पहिलं स्थळ मोडलं, ही गोष्ट मी आजवर किती जणांना सांगितली त्याला गणती नाही. हसवून हसवून सांगायची. आता सांगवत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमची तालीम सुटली तेव्हा मी दुसरीत असेन. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. जोर नाहीत, बैठका नाहीत, पण थंडाई, तूप आणि तांब्याभर दूध जिथल्या तिथं. मान तर अशी, की शिवाजी पेठेतला शिंपी टेप लावून मोठ्यानं आकडा सांगायचा आणि दुकानातली माणसं ‘वाघ हाय वाघ!’ म्हणायची. कुस्तीत मोडलेलं नाक तसंच वाकडं बसलेलं. घोरणं शेजारपाजारी ऐकू जायचं, आणि आम्हाला त्याचाही तोराच. पैलवानाचं घोरणं ते, मांजरासारखं थोडंच असणार? मग दिवसाही तुमचे डोळे मिटायला लागले. शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीत कामावर असताना ढेपांना टेकून झोपायचा. आई म्हणाली, अशक्तपणा आलाय, आणि तिनं तूप वाढवलं. तुपाचा पेला रोज मीच आणून द्यायची. अहो, आजारालाच खुराक घालत होतो आपण!

मग पंच्याहत्तर साली ते निपाणीचे पावणं आले. दुपारची वेळ. मी पोह्यांच्या बशा घेऊन आलेय, पदर सांभाळतेय. मुलाचा मामा तुम्हाला विचारतो, “काय पावणं, पोरगी कितवी शिकलीया?” आणि तुमची हनुवटी छातीवर. एकदा घोरता, मग श्वासच बंद. सगळे तुमच्याकडं बघतायत. गुदमरल्यासारखे दचकून तुम्ही जागे होता आणि म्हणता, “व्हय व्हय, पसंत हाय!” मामा उठलाच. “दुपारीच घेतलीया व्हय?” जन्मात दारूला न शिवलेला माणूस तुम्ही. लोकांना गोष्ट सांगताना मी इथंच थांबते, हशा होतो. पुढचं गाळते. ते गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले, “माणसात बसायची लायकी न्हाय तुमची.” आई माझ्यावर ओरडली. तुम्ही एवढंच म्हणालात, “खरं हाय की तिचं.”

पुढचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही बसलाच नाहीत. पावणं म्हणाले, “बसा की.” तर म्हणता, “ऱ्हाऊ द्या, आमाला उभ्याची सवय हाय.” दोन तास चौकट धरून उभे, पाय बदलत, डोळे ताणत. मला मेलीला तेव्हा बरंच वाटलं, आज तरी शोभा झाली नाही म्हणून. लग्न जमलं. मांडवातही तुम्ही कुठं टेकला नाहीत. दोन वर्षांनी एका दुपारी झोपेतच गेलात. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. मीही तेच म्हणाले.

आता माझी पासष्टी उलटली. बसल्या बसल्या डुलकी लागते. सून म्हणाली, “आई, झोपेत तुमचा श्वास मधेच थांबतो, मला भीती वाटते.” तिनंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाची, पण समजुतीची. वाढलेलं वजन, जाड मान, चोंदणारं नाक, उताणं झोपणं, यानं श्वास अडतो म्हणाली. पाळी गेली की बायकांनाही गाठतं, आणि घराण्यातही असतं. झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडला की माणूस दिवसा पेंगतो, तो काही आळस नव्हे.

मग तिनं विचारलं, “वडिलांना होता का असा त्रास?” मी ताडकन म्हणाले, “छे हो! पैलवान होते आमचे वडील, ठणठणीत.” सून माझ्याकडं बघतच राहिली, तिला निपाणीची गोष्ट पाठ आहे. पण हो म्हटलं असतं, तर तुम्ही आजारी होता हे कबूल करावं लागलं असतं. आणि आजारी बापाला मी काय बोलले, तेही. चुकलं हो आबा माझं. फार चुकलं.

परवा पुन्हा बोलावलंय. खरं सांगायला तोंड उघडेल असं वाटत नाही. हे पत्र तुम्हाला कुठं धाडणार? घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवतेय. लपवून ठेवते असं म्हणणार होते, पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? तो डबा रोज सूनच उघडते.