अकरा दहाचं बटण

सोमवार, ३
नवं घर आवडलं. शिलाई मशीनला खिडकीजवळ हवी तशी जागा मिळाली. सामान लावताना ह्यांनी दोन बरण्या फोडल्या आणि दोष फरशीला दिला. ठमीने, आमच्या सहा वर्षांच्या लेकीने, आल्या आल्या सगळे दिवे लावून पाहिले.

गुरुवार, ६
रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फक्त आमचीच वीज जाते. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, एमसीबी वायरी जळू देत नाही आणि त्याच्या शेजारचं ईएलसीबीचं बटण माणसं मरू देत नाही. गेला तेवढा करंट परत आला नाही, कुणाच्या अंगातून जमिनीत उतरला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत बटण पडतं. त्याने घरभर तपासलं, गळती कुठेच नाही. वेळा लिहून ठेवा म्हणाला, म्हणून ही वही आता हाताशीच असते. जाताना बजावलं, कुणी चिकटलंच तर त्याला धरायचं नाही, आधी मेन पाडायचा.

मंगळवार, ११
ह्यांचा संयम संपला. पेचकस घेऊन बटण काढलं आणि वायरी थेट जोडल्या. मी नको म्हटलं, पण खोटं कशाला लिहू, मलाही ब्लाउज वेळेत द्यायचे होते. फार ताणलं नाही.

बुधवार, १२
अकरा दहा. वीज गेली नाही. न्हाणीघरातून बारीक गुणगुण आली. आत कुणी नव्हतं, नळावर ओल्या बोटांचे ठसे मात्र होते.

गुरुवार, १३
घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांची सून गीझरच्या नळाला चिकटून गेली, सकाळी अकरा दहाला. बटण त्यानंतर बसवलं.
म्हणजे ती रोज चिकटत होती आणि बटण रोज तिला सोडवत होतं.
ते आम्ही काढलं.

शुक्रवार, १४
गुणगुण थांबतच नाही. भीती वाटते, आणि लाजही. हे म्हणतात, मनाचे खेळ. बटण परत बसवायला वायरमन उद्या बाराला येतो म्हणाला.

शनिवार, १५
अकरा पाच. हे कामावर. ठमीला सुट्टी, खोलीत चित्रं काढतेय. न्हाणीघराला कुलूप लावलंय.

अकरा दहा. कुलूप उघडं— ठमी खोलीत नाही—

आतून बोलतेय. "आई, ह्या मावशीचा हात सुटत नाहीये. मी ओढते."

मेन पाडला. घरातली वीज बंद. गुणगुण— चालूच.

ठमी ओ देत नाही. धरायचं नाही, म्हणाला होता. आधी मेन. मेन पाडलाय ना— पण माझी लेक—