गेटाजवळचा बिस्मार्क पाम

मी, सोमलिंग शिवप्पा हत्तुरे, वय ७६, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार विजापूर रोड, सोलापूर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मी गोंधळलेला आहे, हे त्यांनी लिहिलेलं नाही. ते मीच नमूद करतो.

१. बँकेतली शिल्लक मुलगा कुमार आणि मुलगी प्रियंका यांना निम्मी निम्मी. इथं गोंधळ नाही.

२. राहतं घर कुमारला. (मागच्या मसुद्यात प्रियंकाला होतं. त्याच्या आधी कुमारलाच.) अडचण घराची नाही, गेटाजवळच्या बिस्मार्क पामची आहे. नर्सरीवाल्यानं गुडघ्याएवढं रोप देताना सांगितलं होतं, "शोभेचं हाय, कोपऱ्यात बसंल." त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आज त्याच्या पानाचा एकेक निळसर पंखा दारापेक्षा रुंद आहे आणि निम्मं गेट त्याखाली गेलं आहे. पत्नी काशम्मा रोज करवादायची, "गेटच गिळलं की ह्येनं!" आणि उन्हाळ्यात पहिलं पाणी त्यालाच घालायची. तिला ते झाड आवडत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

ती गेली त्या दिवशी शववाहिनी आत येईना, म्हणून कुमारनं झाडाचे जिवंत पंखे तोडले. प्रियंका ओरडली, "आईच्या झाडाला हात लावलास!" तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. कोण चुकलं? तोडले नसते तर काशम्माला रस्त्यावर ठेवावं लागलं असतं. पण तोडलेले पंखे मी कुणाला फेकू दिले नाहीत.

३. पाम कुमारला दिला, तर तो गाडी लावायला जागा करील. प्रियंकाला दिला, तर ती उपटून अकलूजला आपल्या घरी नेईल, आणि मुळं दुखावली की हे झाड जगत नाही. म्हणून खोडाभोवतीची दहा-दहा फूट जमीन प्रियंकाला, झाड तिथंच ठेवण्याच्या अटीवर. फक्त वाळलेले पंखे काढावेत, शेंड्यात पाणी ओतू नये. त्या जमिनीत गेटही येतं, म्हणजे कुमारला स्वतःच्या घरात बहिणीच्या जागेतून जावं लागेल, हे वकिलांनी दाखवून दिलं. मी हे कलम खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. आता लिहिलेलं आहे.

४. साक्षीदार म्हणून आलेले शेजारी शेखलालभाई सही करण्याआधी म्हणाले, "मास्तर, पोरं कोर्टात जातील की."

व्हय, म्हटलं, जातील. पण पुकारा होईपर्यंत बाहेर एकाच बाकावर बसतील. काहीतरी बोलतील.

बोलतील ना?

सही: सो. शि. हत्तुरे
साक्षीदार: १) शेखलाल मुजावर २) ज्ञानू माने
सोलापूर, दि. ९ एप्रिल २०२५