शब्दाबाहेर नसलेली माणसं

२५ ऑक्टोबर १९९८

सरांनी आज वसतिगृहाचा तुरुंग केला. तुरुंग म्हणजे काय — मंडपवाल्याकडून बांबू आणले आणि तळमजल्यावरच्या खोल्यांच्या दारांना सुतळीनं आडवे बांधले. दिवाळीच्या सुट्टीत पोरं गावी गेलीत म्हणून जागा मिळाली. परदेशात कुणीतरी असा प्रयोग केला होता. माणसाच्या हातात सत्ता दिली की तो कसा वागतो आणि समोरचा कसा ऐकून घेतो, ते बघायला. आता सरांना ते कोल्हापुरात बघायचंय. त्याला तुरुंग कशाला हवा? सर आले की आमच्या विभागात कोण कोण ताडकन उभं राहतं, तेवढं बघितलं तरी पुरे.

नोटीस वाचून पोरं आली. काही आमच्याच बी.ए.ची, काही लॉ कॉलेजची. चिठ्ठ्या टाकल्या. निम्मे कैदी, निम्मे पहारेकरी. मी एम.ए.ची, म्हणून निरीक्षक. रेक्टरच्या खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलंय, त्याला पाडलेल्या भोकातून बघायचं आणि लिहायचं. सरांची ताकीद एकच, काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही.

पाच वर्षं मानसशास्त्र शिकले ते भोकातून बघण्यासाठी!

२६ ऑक्टोबर

सकाळी तासभर नुसती मजा. कैद्यांना नंबरानं हाक मारायची, नाव-गाव विचारायचं नाही, असा नियम. पण कोल्हापूरची पोरं ती! पहारेकऱ्यानं आत ढकलता ढकलता विचारलंच, "पावणं, गाव कुठलं?" दोघांची आजोळं एकाच गावची निघाली. चहा सांगायचंच काय ते बाकी राहिलं होतं. सर कपाळाला हात लावून बसले.

मग ऋतुराज पुढं झाला. आमच्याच बी.ए.चा. परवापर्यंत माझ्याकडं नोट्स मागताना अडखळायचा. आज खाकी शर्ट चढला, हातात वेताची काठी आली आणि आवाजच बदलला. "पावणं-बिवणं भायेर. हितं नंबर." दुपारपर्यंत बाकीचे सगळे पहारेकरी त्याच्याच तोंडाकडं बघून चालायला लागले. मेंढरांना कुत्रं लागतं, तसं यांना कुणीतरी ओरडणारं लागतं.

अंगावरच्या वस्तू काढून घ्यायचा नियम होता. घड्याळं, अंगठ्या, ताईत. सात नंबरच्या गळ्यात इष्टलिंग होतं. हा अमरेश, बी.ए.चाच, गडहिंग्लजकडचा, आमच्यातलाच, लिंगायत. म्हणाला, "एवढं ऱ्हाऊ दे. पूजा केल्याबिगर मी पानी बी पीत न्हाई." ऋतुराज म्हणाला, "काढ रं त्ये." काढायला दोन नंबरचा पहारेकरी पुढं झाला. बुटका, मिशी राखलेला, लॉचा. त्यानं आधी हात शर्टाला पुसले. मग लिंग काढून रुमालात गुंडाळलं. म्हणजे ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं! तोही आमच्यातलाच असणार.

आणि तरी काढलं. ऋतुराजची कीव येते, याची किळस आली.

२७ ऑक्टोबर

अमरेशनं कालपासून पाण्याला तोंड लावलेलं नाही. पूजा नाही तर अन्न नाही, पाणी नाही. माझं स्वतःचं लिंग कपाटात असतं आणि मी सकाळी उठल्या उठल्या चहा ढोसते, पण माझी आत्या अशीच होती. हा हट्ट नसतो, हे मला कळतं.

सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्यांच्या टिपणात लिहिलं होतं, "कैदी लॉकेटसाठी अडून बसला." मी म्हटलं, सर, ते लॉकेट नाही. तो खरंच पाणी पिणार नाही. सर एकदम खूश. "उत्तम! हे सविस्तर लिहून ठेव."

ठेवलं लिहून. सविस्तर.

अमरेशचीही कमाल वाटते. सुतळीनं बांधलेले बांबू. लाथ मारली तर पडतील. लाथ घालू का, असं गुपचूप विचारणाऱ्या एका कैद्याला म्हणाला, "न्हाई, सरांस्नी वाईट वाटंल." मार्क सरांच्या हातात, म्हणून मोक्षही सरांच्याच हातात!

संध्याकाळी घरी आले तर सोमलिंगमामा बसलेले. स्थळ घेऊन. हातकणंगल्याचं, सिमेंटचं दुकान, मुलगा वकिली शिकतोय, नाव राजशेखर. "लई गुणी पोरगा. आई-बापाच्या शब्दाभायेर न्हाई." अप्पांनी फोटो माझ्या हातात दिला.

दोन नंबरचा पहारेकरी. कोट घालून.

२८ ऑक्टोबर

आज सगळं लक्ष त्याच्यावरच होतं. ओरडत नाही, मारत नाही. सांगितलं तेवढंच करतो. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा हा एकटाच बांबूपाशी आला. रुमाल सोडला. "घे. लवकर पूजा कर आणि पानी पी." सोबत तांब्याही आणला होता. मी भोकाला डोळा लावून बसले होते. मनात म्हटलं, चला, माणूस आहे म्हणायचा! लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं. लग्नाच्या गोष्टीनं माणूस किती पटकन मूर्ख होतो.

अमरेशनं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटले. तेवढ्यात जिन्यावर ऋतुराजच्या चपला वाजल्या. राजशेखरनं त्याच्या तळहातावरून ते उचललं, रुमालात घातलं, तांब्या उचलला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. अमरेशचे डोळे अजून मिटलेलेच होते.

अशा माणसाबरोबर संसार करायचा! आणि सासूच्या चपला वाजल्या की?

२९ ऑक्टोबर

सकाळी अमरेश चक्कर येऊन पडला. डॉक्टर आले, सलाईन लावलं. सरांनी प्रयोग बंद केला. चेहरा असा, जणू त्यांचंच काहीतरी लुटलंय. "ऐन रंगात आलं होतं."

अमरेशचे वडील आले. मला वाटलं, आता सरांची कॉलर धरतात. त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला! "पोरगं जरा हट्टी हाय, सांभाळून घ्या." ऋतुराजनं शर्ट बदलला आणि पुन्हा अडखळत बोलायला लागला. राजशेखरनं रुमाल अमरेशच्या वडिलांच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, खाली मान घालून. किती सुसंस्कृत!

४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न आटोपलं, आता माझं. आज बघायला आले. पोहे, साडी, सगळा तमाशा यथासांग. त्याची आई म्हणाली, "आमचा राजू अजून मी बस म्हटलं की बसतोय. लिंगपूजा झाल्याबिगर च्या बी घेत न्हाई." मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. लाजले, असं सगळ्यांना वाटलं.

सोमलिंगमामा म्हणाले, "जरा बोलू द्या की दोघांस्नी." गच्चीवर गेलो. मी सरळ विचारलं, "त्या अमरेशच्या हातातून परत का काढून घेतलंत?"

पांढराफटक पडला. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"खिडकीमागं मी होते."

"ऋतुराज आला म्हणून. त्यानं सांगितल्यालं, द्यायचं न्हाई." मग म्हणाला, "म्हंजे तुमी सगळं बघत हुता? त्ये काय हाय, त्ये बी तुमास्नी ठावं हुतं. मग तुमी का न्हाई भायेर आला?"

टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं त्याला.

मी म्हणाले, "मध्ये पडायचं नाही, असं सरांनी सांगितलं होतं."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. "व्हय की. सांगितल्यालं म्हटल्यावर काय करणार."

पटलं त्याला! मला उलटं बोलला असता, तर कदाचित आवडलाही असता. असा संताप आला, आणि तो कुणाचा, तेही नीट कळेना. खाली येऊन सगळ्यांच्या पाया पडले.

५ नोव्हेंबर

अप्पांना सांगितलं, हे स्थळ नको. का, म्हणाले. म्हटलं, तो आणि मी अगदी एकसारखे आहोत अप्पा.

"मग जुळतंय की," म्हणाले, आणि सोमलिंगमामांना फोन लावला. मी तिथंच उभी राहून बघत होते.