कनेक्टेड: चंदा

१२ एप्रिल २०१५, रविवार. अकोला.
इंजिनीअरिंग मी सोडलं, त्यानं मला नाही. सरांच्या अंगावर जर्नल फेकलं हे खरं. पण आधी त्यांनी माझ्या सर्किटला भंगार म्हटलं होतं. आता तेच भंगार घरी चालवून दाखवतो.
प्लॅन: जुना कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. त्यात चार हजार गाणी. राउटर तौहीदच्या मोबाइलच्या दुकानातून, सेकंडहँड. घरात कुठंही फोन उघडा, गाणं सुरू. नेटची गरज नाही.
कोणालाच सांगितलं नाही ते इथं लिहितो. राउटरची रेंज भिंतीपलीकडे महादेवकाकांच्या घरात जाते. आणि त्या घरात चंदा आहे.
डेडलाइन: तीस एप्रिलच्या आत चंदाचा होकार. मे लागला की पाहुणे पोरी पाहाले निघतात.

१३ एप्रिल.
बाबा म्हणे, आपल्या कूलरच्या दुकानात बस. मी म्हटलं, नळ सहा दिवसांनी येते, लोकं कूलर घेऊन त्यात भरतीन काय? खेड्यावरचं गिऱ्हाईक तर औंदा दुकानाकडे पाहतही नाही. बाबा ताटावरून उठून गेले. सायंकाळी माफी मागणार होतो, पण वायरिंग होतं.

१५ एप्रिल, दु. २.
चव्वेचाळीस डिग्री. राउटर तव्यासारखा तापला. टेक्निकल डोकं असल्यामुळं उपाय लगेच सुचला. कूलरसमोर ठेवला.
दु. ४. राउटर ओला. एकही लाइट लागत नाही.
सायं. ६. तौहीद म्हणे, अबे राउटर आहे का टरबूज? थंडा करून खाणार होता का? अंगावर धावून गेलो. त्यानं दुसरा राउटर काढून दिला. माणूस भला आहे, बोलायची रीत नाही.

१७ एप्रिल.
चंदाशी बोललो! गेटजवळ, पूर्ण चार मिनिटं. तिच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं, पासवर्ड टाकून दिला. तोही दोनदा चुकला, उकाड्यानं. ती म्हणे, यात खंजेरी भजनं भेटतीन का? बाबाले लय आवडतात, जिनिंग बंद झाली तवापासून घरीच बसून राहिले.
कापूसच आला नाही म्हणून महादेवकाकांची जिनिंग मिल फेब्रुवारीतच बंद पडली, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण बहाणा किती नाजूक! सरळ गाणी कशी मागणार बिचारी.

१८ एप्रिल.
दिवसभर भजनं भरली. दोनशे बारा. खुर्चीवरून उठलो नाही. सकाळी काकांच्या दारात ऑटो थांबला होता, बॅगा-बिगा. पाहुणे आले असतील.

२० एप्रिल, सकाळी ५.५०.
स्क्रीनवर उमटलं: कनेक्टेड: चंदा.
अजून काय पाहिजे? माझ्यासाठी पहाटे उठून राहिली पोरगी. दुपारी एकपर्यंत कनेक्टेड. मग झोप. चारला परत.

२२ एप्रिल.
खास तिच्यासाठी चाळीस प्रेमगीतांचं फोल्डर केलं. एकही उघडलं नाही. फक्त खंजेरी. मनानं सात्त्विक आहे. मीही आता साडेपाचला उठतो. आई म्हणे, पोटात दुखते का?
ती दिसत मात्र नाही. ऊन आहे. आत बसून ऐकत असावी.

२४ एप्रिल.
तौहीदला सगळं सांगून टाकलं. तो म्हणे, वीस वर्षाची पोरगी पहाटे खंजेरी ऐकून राहिली? जरा तपास कर ना बे. मी म्हटलं, तू जळतोस. तो म्हणे, मी काहून जळू, मायं तर लगन झालं. काउंटरपुढचं स्टूल फेकलं. त्याच्याशी बोलणं बंद. कायमचं.

२६ एप्रिल.
चार दिवस उरले. गाण्यांनी होणार नाही. स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, सात वेळा. जड आवाजात. ‘तू रोज ऐकतेस, मला दिसतं. मी कोण, तुला माहीत आहे. मर्जी असेल तर मंगळवारी सकाळी गच्चीवर लाल ओढणी वाळत घाल. नसेल, तर मी समजून घेईन.’ शेवटचं वाक्य खोटं आहे, पण शोभते.
दर दोन भजनांनंतर हे घातलं. नावं घेतली नाहीत. तिच्या इज्जतीचा प्रश्न आहे.

२७ एप्रिल.
अकरा वेळा वाजलं. एकदाही मधात बंद केलं नाही! पूर्ण ऐकते. जेवण गेलं नाही. बाबांनी काही विचारलं, ओरडलो. काय विचारलं ते आठवत नाही.

२८ एप्रिल, मंगळवार, सकाळी ७.
मागल्या गल्लीतल्या नत्थुजींच्या टाकीवर चढून पाहिलं. लाल! एक ओढणी मागितली होती, गच्चीभर चार लाल लुगडी अंथरली. दगडं ठेवून, उडू नयेत म्हणून. वर पांढरं काही पसरलेलं आहे, फुलं असावीत.
टाकीवरून उतरताना गुडघा फुटला. दुखत नाही.
९.३०. इस्त्रीचा शर्ट. काकांशी आजच, समोरासमोर बोलतो. निघालो.

दु. १२.
दार कौशल्याकाकूनं उघडलं. म्हणे, बरा आलास रे बावा, गच्चीवर कुरडया टाकल्या, घडीभर बस, कावळे लय झाले.
चंदा कुठं आहे, विचारलं. म्हणे, अमरावतीले मावशीपाशी नाही का गेली, अठरा तारखेले? क्लास लावला. नवा फोन घेऊन देला, जुना याइच्यापाशी.
काका खाटेवर पडून होते. फोन छातीवर, खंजेरी सुरू. म्हणे, ये, बस. लय चांगलं काम केलं पोट्ट्या, दिवस निंगून जाते माया. पन भजनाच्या मधात हे कोन बोलते? सर्दी झाल्यावानी. ओढनी वाळत घाल म्हनते.
मी फरशीकडे पाहत होतो.
काका म्हणे, काल काकूच्या फोनवरून चंदाले ऐकवलं.
मी विचारलं, काय म्हणे?
काका म्हणे, परत एकडाव लावाले सांगतलं. मंग म्हने, बाबा, ॲड आहे ते. स्किप करा.
मग फोन माझ्यापुढे धरला. म्हणे, थे स्किप कसं करतात, मले दाखव बरं.
दाखवलं.