पडलं की उकळ

दि. ९ जुलै

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? उभ्याने काम करू नकोस म्हणून तुला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी सांगतो. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी आणि ही. छोटी काल दूध पिताना पुन्हा निळी पडली. ऑपरेशन शुक्रवारीच आहे.

तुझा डबा पोचला. तिच्या मऊ श्वासनळीला बाहेरून आधार देणारं तू बनवलेलं त्यातलं कवच शरीर परकं मानत नाही आणि नळी बळकट झाली की आपोआप विरघळतं, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. शेजारी हल्ली मला बघून रस्ता बदलतात.

बघ, किती पाल्हाळ लावलंय. सकाळी दोनदा फोन करून ठेवून दिला, तो मीच. हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्याकडेच निघालाय, म्हणून लिहितो.

डबा मी उघडला. थेट सर्जनच्या हातात द्यायचा होता, पण माझ्या लेकीच्या गळ्यात काय बसणार ते एकदा बघावंसं वाटलं. कवच हातातून निसटलं, स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडलं. आणि आपल्या घरात आईचा नियम काय? पडलं की उकळ. बाटली असो, चमचा असो. मी ते छोटीच्या बाटल्यांच्या पातेल्यात टाकलं. चिमट्याने उचलायला गेलो तर मेणासारखी तार सुटली. आता भांड्याच्या तळाला पांढरा गोळा आहे. तुझ्याबरोबर राहून एवढंही मला कळू नये, ताई?

त्याच मापाचं दुसरं कवच किती टिकतं ते बघायला तू कोमट खारट पाण्यात ठेवलं आहेस. ते झिजायला लागलं असेल, हे कळतं. तरी मागतोय. नाहीतर नवीन बनव. ते शुक्रवारपर्यंत होणार नसेल तर सर्जनशी तू बोल, माझी जीभ रेटत नाही.

हिला अजून सांगितलेलं नाही. आतल्या खोलीत ती छोटीला थोपटत म्हणतेय, "आत्याने पाठवलंय गं, थोडी कळ काढ." मला ते ऐकवत नाही. पत्र दिलं की आत जाऊन तिला सांगणार आहे.

हे तिची आत्या म्हणून वाच. माझी बहीण म्हणून वाचलंस तर मला समजावत बसशील, आणि तेवढा वेळ छोटीकडे नाही.

तुझा,
धाकटा