पिवळे विमान, रिमोटसह, धाकट्या दिरांना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दंतवैद्यक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर चष्म्यासह उत्तम आहे आणि हात अजून थरथरत नाही. कोणाला शंका असल्यास त्याने दवाखान्यात येऊन आ करावा. मी हे कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. ते दिरांवर रागावून लिहिले होते, आणि त्यात त्यांना लावलेली विशेषणे कोर्टात मोठ्याने वाचली जाणे बरे दिसले नसते.

कलम १. राहते घर, खालचा दवाखाना आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या लेकीला मिळावी. घर ठेवायचे की विकायचे, हे तिचे तिने ठरवावे. जावईबापूंनी सल्ला जरूर द्यावा, पण तिने विचारल्यावर. त्यांना मी वेटिंग रूममधली सगळी मासिके देते. इथे आले की ते माझ्याशी बोलायचे सोडून तीच वाचत बसतात. अर्धवट राहिलेले लेख आता निवांत पुरे करावेत.

कलम २. पिवळे विमान आणि त्याचा रिमोट. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमचे यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढत. सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर हलक्या लाकडाची विमाने बनवत, आणि आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवत असू. पिवळे विमान त्यांचे शेवटचे. ते गेले त्या आठवड्यात धाकटे दीर सांत्वनाला आले आणि जाताना रिमोट काखोटीला मारून गेले. "दादाची आठवण म्हणून नेतो, वहिनी." विमान कपाटावरच राहिले. मी फोन करून रिमोट मागितला तर म्हणाले, "विमान पाठवा की! दोन्ही एकत्रच हवं ना?"

"हवंच. म्हणून तर रिमोट परत आणा म्हणतेय."

झाले. त्यांच्याकडे उडवायला काही नाही, माझ्याकडे कशाने उडवायचे ते नाही, आणि मान दोघांचीही ताठ. बोलणे बंद पडले.

शेवटी मी नवा रिमोट विकत घेतला. दुकानातल्या बाईंनी समजावले, "विमानाच्या पोटात काडेपेटीएवढा रिसीव्हर असतो. तो एकाच रिमोटचं ऐकतो. हे बटण दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की नवा रिमोट चालू करा. दिवा स्थिर झाला की जोडी जमली. जुन्या रिमोटला मग तो विसरतो."

शेवटचे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मी घरी येऊन बटणावर बोट ठेवले आणि उचलून घेतले. आयुष्यभर लोकांच्या दाढा उपटल्या, पण एवढेसे बटण काही मला दाबवेना. यजमानांच्या हातचे ऐकणारी घरात तेवढी एकच वस्तू उरली होती. तिला विसरायला मी कशी लावू? नवा रिमोट खोक्यातच राहिला.

मग एका रविवारी दीर सुजलेला गाल धरून दारात उभे. "आज दुसरा कुठला डॉक्टर मिळेना," ते म्हणाले.

"बसा. आ करा."

बधिर करायचे इंजेक्शन मी पुरेपूर दिले, याची इथे नोंद करते. गाल बधिर होईपर्यंत मनात साठलेले सगळे बोलून घेतले. त्यांना फक्त "आँ" म्हणता येत होते, त्यामुळे आमचे इतके शांत संभाषण प्रथमच झाले. दाढ निघाली. तोंडात कापूस धरून त्यांनी आपल्या पिशवीकडे बोट दाखवले. आत यजमानांचा रिमोट होता, आणि दिरांनी स्वतःसाठी घेतलेल्या नव्या विमानाचा रिसीव्हर.

"दादाच्या लिमोटला जुलत नाही, वहिनी. दिवा नुछता लुकलुकतोय."

"कसं करता, दाखवा बघू."

त्यांनी रिमोट रिसीव्हरच्या उरावर नेऊन टेकवला.

"अहो भाऊजी, कानात येऊन ओरडलं तर कोणाला काय कळणार? लांब व्हा जरा!"

मी रिमोट घेऊन वेटिंग रूममध्ये गेले आणि तिथून चालू केला. आतून आरोळी आली, "लागला! श्थिल जाला!"

आणि मी तशीच वर घरात धावले, दीर माझ्या मागोमाग. या गडबडीत जुने विमान तर रिमोटला विसरले नसेल? शिडी लावून ते खाली काढले, बॅटरी जोडली, रिमोटची दांडी हलवली. पिवळी शेपटी डावीकडे वळली, मग उजवीकडे. दीर रुमालाने डोळे पुसत होते की लाळ, हे त्यांनाही ठरवता येईना.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही विमाने घेऊन विमाने उडवणाऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर गेलो. एका रिमोटला अनेक विमाने जोडता येतात, पण प्रत्येकाला त्यातला वेगळा कप्पा द्यावा लागतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. दोन्ही एकाच कप्प्यात होती. दिरांनी पिवळे विमान सोडले, आणि क्लबच्या अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी बॅटरी जोडून ठेवलेले नवे विमानही कोणाला न विचारता उठले! एकाला वळवले की दुसरे वळे. पिवळे झाडांवर जाऊ लागले, नवे माणसांवर.

"वहिनी, काय करू?"

"माणसं आडवी झालीत! आता कुठलं वाचवायचं ते तुम्ही ठरवा!"

त्यांनी नव्या विमानाकडे पाहिलेसुद्धा नाही. पिवळे विमान नजरेत धरून हळूहळू वळवले आणि गवतावर अलगद उतरवले. स्वतःचे हौसेने घेतलेले विमान तोवर अध्यक्षांच्या थर्मासमध्ये घुसून चक्काचूर झाले होते. "जाऊ दे," दीर म्हणाले, "दादाचं शाबूत आहे ना?"

सबब पिवळे विमान आणि रिमोट, दोन्ही एकत्र, दिरांना द्यावे. उद्या तो रिमोट बंद पडला तर माझ्या कपाटातला नवा घ्यावा आणि बटण खुशाल दाबावे. मला ते जमले नाही, त्यांना जमावे. विमान कपाटावर ठेवण्यासाठी बनवलेले नाही.

कलम ३. क्लबच्या अध्यक्षांना नवा थर्मास द्यावा. मात्र भर मैदानात त्यांनी मला "आजीबाई, घरी बसा" म्हटले, म्हणून तो झाकणाशिवाय द्यावा.

कलम ४. माझे बारीक चिमटे दिरांना द्यावेत. ते विमानाच्या तारांसाठीच वापरावेत, कोणाच्याही तोंडात घालू नयेत.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी लेक करील. सगळा मजकूर मी पुन्हा वाचला आहे. तो मला मान्य आहे.

सही: लिहून ठेवणार, दंतवैद्य
ठिकाण: दवाखाना, तळमजला
दिनांक: १४ मार्च

साक्षीदार १: समोरची शिंपीणबाई. सही माझ्यादेखत झाली. विमानाचे मला काही कळले नाही, बाकी सगळे कळले.

साक्षीदार २: गल्लीतले फॅमिली डॉक्टर. लिहून ठेवणार या पूर्ण शुद्धीवर आहेत, असे मी तपासून लिहून देतो. सही करता करता त्यांनी माझ्या हसण्याकडे पाहून मान हलवली आणि वरची दाढ किडल्याचे सांगितले. उद्या सकाळी उपाशीपोटी येऊ नका, म्हणाल्या.